मायनस ३० चा ट्रेलर आणि यवतमाळची टिनाची खोली

मे महिन्यात चुलतभावाने यवतमाळहून एक रील पाठवली. सामान वाहायच्या ट्रेलरला एकाने आतून फोम लावलाय, बाहेर मायनस ३० आणि हा आत टी-शर्टवर बसून कॉफी पितोय. खाली मेसेज: 'दादा, हेच आजीच्या टिनाच्या खोलीला करू का?'

प्रश्न बरोबर आहे. दोन्ही पत्र्याचेच डबे. पण तिथे उष्णता आतून बाहेर पळते, आपल्याकडे ती वरून आत घुसते. म्हणून रील जशीच्या तशी कॉपी करू नका. आधी लॉजिक समजून घ्या.

इन्सुलेशन नेमकं काय करतं?

थर्माकोल, ग्लासवूल, आपला कापूस, या सगळ्यांत काम करते ती बारीक कप्प्यांत अडकलेली हवा. लोखंडातून उष्णता थर्माकोलपेक्षा हजारपटीहून जास्त सहज जाते. म्हणूनच उन्हात टिन तापलं की लगेच खोली तापते.

पण इन्सुलेशन म्हणजे एसी नाही. ते थंड करत नाही, फक्त उष्णतेचा वेग कमी करतं. जाड कव्हर घातलेला फोन चार्जिंगला लावला की जास्त तापतो ना? तसंच. आत चूल, फ्रिज आणि चार माणसं असतील आणि हवा खेळत नसेल, तर रात्री तीच उष्णता आत कोंडते.

थोडं गणित

१० बाय १२ ची खोली, म्हणजे छत साधारण ११ चौरस मीटर. दुपारी टिन ६५ अंश आणि आतली हवा ३५ अंश धरा. ढोबळ हिशोबाने छतातून सुमारे १९०० वॅट उष्णता आत येते. म्हणजे भर मे महिन्यात आजीच्या डोक्यावर १ किलोवॅटचे जवळपास दोन हीटर!

खालून २ इंच थर्माकोल लावला तर हाच आकडा सुमारे २२० वर येतो. आणि फक्त वरून पांढरा रंग देऊन टिन ४५ अंशांवर आणलं तर? सुमारे ६५०. म्हणजे सगळ्यात स्वस्त उपायानेच दोन तृतीयांश काम होतं. तेलंगणाने २०२३ मध्ये कूल रूफचं धोरण आणलं, त्यामागचं तत्त्व हेच: ऊन आत येण्याआधीच परत पाठवा.

मग क्रम काय?

१. वरून चुना किंवा पांढरा कूल रूफ पेंट. चुन्यात थोडा फेविकॉल घातला की तो जास्त टिकतो. पावसात धुपला तर पुढच्या उन्हाळ्यात परत मारा.
२. खाली फॉल्स सीलिंग. टिन आणि सीलिंगमध्ये जागा ठेवा आणि दोन्ही टोकांना जाळी लावा, म्हणजे गरम हवा निघून जाईल.
३. मग सीलिंगवर इन्सुलेशन.
४. संध्याकाळ झाली की खिडक्या उघड्या.

ट्रेलरवाला मात्र फटी बुजवतो आणि आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर देतो. श्वासातली वाफ थंड पत्र्यापर्यंत पोचली की तिचं पाणी होतं, फोममागे बुरशी धरते. थंडीत पहाटे आपल्याही टिनाखालून थेंब पडतात, ते यामुळेच.

हे करू नका

उघडा थर्माकोल चुलीजवळ किंवा वायरिंगला चिकटवून लावू नका. तो भराभर पेटतो आणि धूर विषारी असतो. टिनावर पऱ्हाटी, तुराट्या टाकल्या तर सावली मिळते, पण एक ठिणगी पुरते. रंग द्यायला सकाळी चढा, आधी मेन स्विच बंद करा आणि पाय खिळ्यांच्या ओळीवर, म्हणजे खाली आधार असेल तिथेच ठेवा. आणि थंडीत बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेला माणूस उठतच नाही.

भावाला मी एवढंच लिहिलं: 'फोम नंतर बघू. उद्या सकाळी चुना आण. आणि दुपारी आजीला टिनाखाली झोपू देऊ नको.'