टीव्ही भिंतीवर लावताय? आधी टीव्हीची पाठ बघा

झरी जामणी, मुकुटबनकडच्या दोस्तांनो, स्टँड घेताना फक्त ‘43 इंची आहे’ एवढं सांगून भागत नाही. टीव्हीच्या मागे स्क्रूची चार भोकं असतात. त्यांच्यातलं आडवं आणि उभं अंतर मिलिमीटरमध्ये मोजा: 200 × 200, 400 × 400 असं काहीतरी येईल. हेच वेसा माप. स्टँडच्या खोक्यावर हे माप आणि टीव्हीचं वजन पेलण्याची क्षमता, दोन्ही तपासा.

आता भिंत. मातीची असेल तर विषयच सोडा, टेबल बरा. लाल विटांची असेल तर प्लास्टर संपल्यावर ड्रिलमधून लाल भुकटी यायला हवी. राखाडी वाळूच येत राहिली तर समजा सांधा लागलाय, भोक सरकवा.

पुढे ओढायचा, फिरवायचा स्टँड भारी दिसतो खरा, पण टीव्ही जितका बाहेर येतो तितका वरच्या बोल्टवर ताण वाढतो. माझं मत विचाराल तर किंचित खाली झुकणारा स्टँड पुरे. घरात सगळे खाली सतरंजीवर बसत असतील तर टीव्हीही खालीच लावा, नाहीतर मान धरलीच म्हणून समजा.

आणि हो, कूलरच्या झोतासमोरची भिंत टाळा. ती दमट हवा टीव्हीला सोसत नाही.