विद्यार्थी मतदार आणि मतदारयादी : वसतिगृहातील विद्यार्थ्यांच्या नोंदणीचा प्रश्न

प्रस्तावना

भारतीय राज्यघटनेच्या ६१ व्या दुरुस्तीने अनुच्छेद ३२६ मधील मतदाराचे किमान वय २१ वरून १८ वर्षांवर आणले. ही दुरुस्ती २८ मार्च १९८९ पासून अंमलात आली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमधील लोकसभा निवडणुकीत पदवी वर्गातील विद्यार्थी प्रथमच मतदार ठरला. तरुणांच्या अल्प सहभागाची चर्चा तेव्हापासून बहुधा 'उदासीनता' या एकाच शब्दाभोवती फिरत राहिली आहे. तथापि, उदासीनतेचा विचार करण्यापूर्वी संबंधित विद्यार्थ्याचे नाव मतदारयादीत आहे काय, हे पाहणे अगत्याचे आहे. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीपूर्वी १८ ते १९ वयोगटातील सुमारे १.८ कोटी मतदारांची नोंद झाली होती. या वयोगटाच्या अंदाजित लोकसंख्येशी तुलना करता हे प्रमाण निम्म्याहूनही कमी भरते. यादीत नाव नसलेल्या व्यक्तीस लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ६२ नुसार मतदान करता येत नाही. प्रस्तुत लेखात या नोंदणीच्या टप्प्याचे, विशेषतः वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याच्या संदर्भात, विवेचन केले आहे.

अर्हता दिनांक

२०२२ पर्यंत दरवर्षी १ जानेवारी हा एकमेव अर्हता दिनांक होता. त्याचा परिणाम कसा होत असे, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. २ जानेवारी २००१ रोजी जन्मलेली विद्यार्थिनी २०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी १८ वर्षांची झालेली होती. परंतु अर्हता दिनांकास एक दिवस कमी पडल्याने तिला त्या वेळी मतदान करता आले नाही. लोकसभेसाठीचे तिचे पहिले मत २०२४ मध्ये, म्हणजे वयाच्या २३ व्या वर्षी पडले. तोवर तिचे पदवीचे शिक्षण संपलेले असणार! निवडणूक कायदे (सुधारणा) अधिनियम, २०२१ अन्वये १ ऑगस्ट २०२२ पासून १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै व १ ऑक्टोबर असे चार अर्हता दिनांक लागू झाले. १७ वर्षे पूर्ण केलेल्या युवकास आगाऊ अर्जही करता येतो. कनिष्ठ महाविद्यालये असलेल्या संस्थांनी या तरतुदीची दखल घ्यावयास हवी. प्रत्यक्षात ती फारशी घेतली जात नाही.

निवासाचा प्रश्न

१९५० च्या अधिनियमातील कलम १९ नुसार मतदार हा त्या मतदारसंघातील 'सर्वसाधारण रहिवासी' असावा लागतो. नांदेड जिल्ह्यातील विद्यार्थी पुण्यात शिकत असेल तर तो कोठला रहिवासी? कलम २० नुसार तात्पुरत्या अनुपस्थितीमुळे मूळ ठिकाणचा रहिवास संपत नाही. त्यामुळे गावची नोंद वैध राहते. दुसरीकडे, निवडणूक आयोगाच्या सूचनांनुसार वसतिगृहात किंवा अन्यत्र राहणाऱ्या विद्यार्थ्यास शिक्षणाच्या ठिकाणीही नाव नोंदविता येते. त्यासाठी अभ्यासक्रम मान्यताप्राप्त आणि किमान एक वर्ष मुदतीचा असावा लागतो व नमुना ६ सोबत प्राचार्य, कुलसचिव किंवा तत्सम अधिकाऱ्याचे विद्यार्थी असल्याचे प्रमाणपत्र जोडावे लागते. निवड विद्यार्थ्याची असते. मात्र नाव एकाच ठिकाणी ठेवता येते. गावी आधीच नोंद असल्यास नमुना ८ द्वारे स्थलांतराचा अर्ज करावा लागतो. खोटे निवेदन करणे हा कलम ३१ नुसार दंडनीय अपराध आहे, याचीही विद्यार्थ्यास कल्पना द्यावी.

ही निवड वरवर वाटते तितकी किरकोळ नाही. २०२४ मध्ये नांदेडचे मतदान २६ एप्रिलला, तर पुण्याचे १३ मे रोजी झाले. एप्रिल-मे हा विद्यापीठीय परीक्षांचा हंगाम. मतदानासाठी गावी जाऊन परत यावयाचे म्हणजे दोन रात्रींचा प्रवास, भाडे आणि बुडणारा अभ्यास. या विद्यार्थ्यास टपाली मतपत्रिकेची सोय नाही. देशांतर्गत स्थलांतरितांसाठीच्या दूरस्थ मतदान यंत्राचे प्रारूप आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांपुढे ठेवले. पण लोकसभा निवडणुकीत त्याचा वापर झाला नाही. अशा स्थितीत गरीब घरातील विद्यार्थी मतदानास गेला नाही, तर त्यास उदासीन म्हणणे अन्यायाचे होईल. अर्थात गावच्या प्रश्नांशी असलेल्या नात्यामुळे कोणी तेथील नोंद कायम ठेवू इच्छित असेल, तर त्या निर्णयाचाही आदर व्हावयास हवा.

महाविद्यालयाची भूमिका

२५ जानेवारी हा दिवस २०११ पासून राष्ट्रीय मतदार दिवस म्हणून साजरा होतो. राष्ट्रीय सेवा योजनेमार्फत शपथ, फेरी, रांगोळी व घोषवाक्य स्पर्धा होतात. अहवालासाठी छायाचित्रेही निघतात. परंतु रांगोळीमुळे नाव यादीत येत नाही. ते काम कार्यालयातील प्रवेश खिडकीवर अधिक सहजपणे होऊ शकते. प्रवेश अर्जात जन्मतारीख व निवासाचा पत्ता असतोच. त्यावरून येत्या अर्हता दिनांकास पात्र ठरणाऱ्यांची यादी काढणे लिपिकास अवघड नाही. वसतिगृह प्रवेशाच्या वेळीच विद्यार्थ्यास दोन्ही पर्याय समजावून प्रमाणपत्र विनाशुल्क द्यावे आणि मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यास जुलै-ऑगस्टमध्ये एक दिवस वसतिगृहात पाचारण करावे. निवडणूक जाहीर झाल्यावर धावपळ करण्यात अर्थ नसतो, कारण कलम २३ नुसार नामनिर्देशनाच्या अंतिम दिनांकानंतर यादीत नाव समाविष्ट करता येत नाही. तृतीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना निरोप देताना वसतिगृहाच्या पत्त्यावरील नोंद नव्या पत्त्यावर हलविण्याची सूचना दाखल्यासोबतच द्यावी. अन्यथा तेच विद्यार्थी पुढील निवडणुकीत जुन्या वसतिगृहाच्या यादीत राहतील आणि मतदान मात्र कोठेच करू शकणार नाहीत.