मेदाचे अंतःस्राव आणि सांध्यांची सूज

गुडघे दुखूं लागले कीं घरोघरीं एकच निदान ऐकूं येतें: "वजन वाढलें, वंगण संपलें." यांतील वजनाचा दोष खोटा नाहीं, चालतांना गुडघ्यावर देहाच्या भाराच्या कित्येक पट दाब पडतो. पण स्थूल माणसांच्या हातांच्या बोटांनाहि झिजेचा संधिवात अधिक प्रमाणांत होतो, याचें काय? बोटांवर कांहीं कोणी चालत नाहीं.

मेद म्हणजे निव्वळ साठवणीचें कोठार, अशी समजूत फार काळ होती. १९९४ सालीं न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठांत जेफ्री फ्रीडमन यांनीं लेप्टिन हा मेदाचा अंतःस्राव शोधला, आणि हें कोठार स्वतःच एक मोठी ग्रंथि आहे हें ध्यानीं आलें. "कोठार भरलें, आतां पुरे," असें मेंदूस कळविणें हें लेप्टिनचें मूळ काम. स्थूल देहांत तो रक्तांत उदंड असतो आणि सांध्यांतील द्रवांतहि उतरतो. तेथें त्याच्या चिथावणीनें कूर्चेच्या पेशी कूर्चाच पोखरणारीं द्रव्यें सोडूं लागतात व सूज वाढते. शिवाय गुडघ्याच्या वाटीखालीं, सांध्याच्या आंतच, मेदाची एक लहानशी गादी असते; तिचे स्राव तर उंबरठ्यावरच!

२००९ सालीं प्रसिद्ध झालेला अमेरिकेंतील एक प्रयोग मला विशेष बोलका वाटतो. ज्यांच्या देहांत लेप्टिन तयारच होत नाहीं, किंवा झाला तरी पेशी त्याला ओळखीत नाहींत, असे उंदीर बेसुमार लठ्ठ झाले. तरी त्यांच्या गुडघ्यांतील संधिवात वाढला नाहीं. भार होता, पण निरोप पोंचत नव्हता. उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हें अर्थात् मान्य.

मेदाचाच दुसरा स्राव ॲडिपोनेक्टिन. मधुमेहाच्या बाबतींत तो हितकर समजला जातो. आमवाताच्या सांध्यांत मात्र तोच सुजेला हातभार लावतो असें प्रयोगांत दिसतें. तेव्हां अमुक स्राव सज्जन व अमुक दुर्जन, अशी वांटणी करण्याची घाई नको.

रुग्णाला यांत दिलासा आहे. २०१३ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेंतील एका चांचणींत गुडघ्याचा संधिवात असलेले ४५४ वजनदार रुग्ण होते. अठरा महिन्यांनंतर आहार आवरून वजन उतरविलेल्यांच्या रक्तांतील सुजेचें एक द्रव्य, नुसता व्यायाम करणाऱ्यांच्या मानानें, अधिक घटलेलें आढळलें. आणि आहार व व्यायाम दोन्ही सांभाळणाऱ्यांच्या वेदना सर्वांत कमी होत्या.