चूर्णलेपन

धातूच्या वस्तूवर कोरड्या चूर्णाच्या रूपातील रंगलेप बसवून व तो भट्टीत तापवून त्याचा अखंड, टणक थर तयार करण्याच्या प्रक्रियेस चूर्णलेपन म्हणतात. कारखान्यांत ती ‘पावडर कोटिंग’ या नावाने परिचित आहे. पोलादी कपाटे, पंखे, सायकलींचे सांगाडे, वाहनांचे भाग, ॲल्युमिनियमच्या खिडक्या इ. वस्तूंवर असा लेप देतात. द्रवरूप रंग वाळताना त्यातील विद्रावक (विरघळविणारा पदार्थ) हवेत उडून जातो. चूर्णात विद्रावक नसतो. त्यामुळे हवेचे प्रदूषण कमी होते आणि वस्तूवर न बसलेले चूर्ण गोळा करून पुन्हा वापरता येते. मात्र थराचा टिकाऊपणा फवारणीपेक्षा भाजणीवर अधिक अवलंबून असतो.

इतिहास : जर्मनीत एर्विन गेमर यांनी १९५३ च्या सुमारास हवेच्या झोताने तरंगत ठेवलेल्या चूर्णात तापलेली वस्तू बुडविण्याची पद्धत शोधून काढली. तीत थर जाड बसे. १९६० नंतरच्या दशकात स्थिर विद्युत् भाराच्या साहाय्याने फवारणी करण्याची पद्धत प्रचारात आली व पातळ, एकसारखे थर देणे शक्य झाले. पुढे हवेच्या प्रदूषणावर अनेक देशांत निर्बंध आल्याने या पद्धतीचा प्रसार वेगाने झाला.

चूर्णाची घडण : चूर्णांचे दोन वर्ग आहेत. नायलॉन, पॉलिएथिलीन इ. ऊष्मामृदू (तापविल्यावर पुन्हा मऊ होणारी) चूर्णे केवळ वितळून पसरतात. एपॉक्सी, पॉलिएस्टर व त्यांची मिश्रणे ही ऊष्मादृढ (तापविल्यावर कायमची कठीण होणारी) असून त्यांचा वापर अधिक होतो. एपॉक्सीचा थर रसायनांना दाद देत नाही, पण उन्हात खडूसारखा पांढरट पडतो; म्हणून उघड्यावरील वस्तूंसाठी पॉलिएस्टर वापरतात. रेझीन, दृढीकारक, रंगद्रव्य व भरण द्रव्य ही एकत्र मळून व वितळवून त्यांची पातळ पट्टी काढतात आणि थंड झाल्यावर ती दळतात. कणांचा सरासरी आकार सामान्यतः ३० ते ४० मायक्रोमीटर असतो.

पूर्वसंस्करण : तेल, गंज वा धूळ राहिलेल्या पृष्ठावर थर टिकत नाही. यासाठी लहान कारखान्यांतही ‘सात टाक्यांची’ पद्धत रूढ आहे. तीत तेल काढणे, गंज काढणे, फॉस्फेटाचा सूक्ष्म थर देणे आणि मधूनमधून पाण्याने धुणे या क्रिया क्रमाने होतात. त्यानंतर वस्तू पूर्ण वाळविणे आवश्यक असते.

फवारणी : पिस्तुलासारख्या फवारणी-साधनाच्या टोकाशी सु. ३० ते १०० किलोव्होल्ट विद्युत् दाब असतो. तेथून जाणारे कण विद्युत् भारित होतात व जमिनीशी विद्युतीय जोडणी केलेल्या वस्तूकडे ओढले जातात. वस्तू टांगण्याच्या आकड्यांवर जुना थर साचल्यास ही जोडणी तुटते आणि चूर्ण नीट बसत नाही. खोल कोपऱ्यांत विद्युत् क्षेत्र पोहोचत नसल्याने तेथे थर विरळ राहतो. तयार थराची जाडी सामान्यतः ६० ते ८० मायक्रोमीटर ठेवतात.

भाजणी : भट्टीत चूर्ण प्रथम वितळते, मग पसरते आणि शेवटी रेणूंमध्ये जालबंध निर्माण होऊन कठीण होते. पुष्कळशा चूर्णांसाठी सु. १८०° ते २००° से. तापमान १० ते २० मिनिटे लागते. हे तापमान भट्टीतील हवेचे नसून वस्तूच्या धातूचे असावे लागते. पातळ पत्रा काही मिनिटांत तापतो. जाड ओतीव भागास कितीतरी अधिक वेळ लागतो. भट्टीचा तापमापक पाहून दोन्ही एकाच वेळी बाहेर काढल्यास जाड भागावरील थर चकचकीत दिसतो, पण कच्चा राहतो. तो वाकविल्यास वा आघात झाल्यास तडकतो. विद्रावकात भिजविलेल्या कापडाने घासल्यास असा थर मऊ होऊन निघू लागतो. उलट अतिभाजणीने पांढरा रंग पिवळसर होतो व थर ठिसूळ बनतो. ओतीव वस्तूंच्या छिद्रांतील वायू भाजताना बाहेर पडून थरात टाचणीएवढी भोके पडतात. म्हणून त्या आधी कोऱ्याच तापवून घेतात.

शिशाच्या गोळ्यांवरील लेप : काही देशांत, विशेषतः अमेरिकेत, नेमबाजीचे छंदिष्ट लोक ओतीव शिशाच्या गोळ्यांवर मेणाऐवजी असा थर देतात. त्यामुळे नळीत शिसे चिकटणे कमी होते. शुद्ध शिसे ३२७·५° से.ला वितळते, त्यात अँटिमनी व कथिल मिसळल्यास हा बिंदू बराच खाली येतो आणि भाजणीच्या तापमानाशी असलेले अंतर कमी होते. शिसे ओतताना व हाताळताना निर्माण होणारी धूळ विषारी असून बालकांच्या मेंदूच्या वाढीस ती विशेष घातक ठरते. स्वयंपाकाची भट्टी या कामासाठी एकदा वापरल्यास ती अन्नासाठी वर्ज्य समजावी. भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्याशिवाय दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे येथे हे घरगुती काम होऊ शकत नाही.

शिरूर व दौंड परिसर : पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यातील रांजणगाव गणपती येथील औद्योगिक वसाहतीत घरगुती विद्युत् उपकरणे, वाहने व यंत्रभाग यांचे कारखाने आहेत, दौंड तालुक्यातील कुरकुंभची वसाहत मुख्यतः रसायने व औषधे यांची आहे. उन्हाळ्यात येथील दुपारचे तापमान ४०° से.च्या आसपास जाते. अशा उष्णतेत पत्र्याच्या छपराखाली ठेवलेल्या चूर्णाच्या गुठळ्या होतात; म्हणून ते सु. ३०° से.खाली व कोरड्या जागी साठवावे लागते. उसाच्या वाहतुकीच्या ट्रॉलीसारखी अवजड वस्तू भट्टीत मावत नसल्यास तिला द्रवरूप रंगच द्यावा लागतो. शिरूरजवळून वाहणारी घोड नदी पुढे भीमेस मिळते आणि भीमेचे पाणी दौंडच्या खाली उजनी जलाशयात साठते. त्यामुळे पूर्वसंस्करणाच्या टाक्यांतील अम्ले, फॉस्फेटे व धातूंची लवणे असलेले पाणी शुद्ध केल्याविना ओढ्यात सोडणे हे या पट्ट्यात दूरवर बाधणारे ठरते.

धोके : हवेत तरंगणारे चूर्ण ठिणगीने स्फोट पावू शकते. म्हणून फवारणी-कक्षातील चूर्णाचे प्रमाण सर्वसाधारणपणे दर घनमीटर हवेत १० ग्रॅमच्या खाली राहील असे वायुवीजन ठेवतात. कक्ष, कामगार व वस्तू या तिन्हींची जमिनीशी विद्युतीय जोडणी असावी लागते. काही पॉलिएस्टर चूर्णांतील ट्रायग्लिसिडिल आयसोसायन्यूरेट हा दृढीकारक आनुवंशिक दोष घडवू शकतो असे दिसून आल्याने यूरोपात त्याऐवजी इतर दृढीकारक वापरात आले. श्वासावाटे चूर्ण आत जाऊ नये म्हणून योग्य मुखपट्टी आवश्यक असते. कक्ष झाडताना वा संपीडित हवेने अंगावरचे चूर्ण उडविताना तेच पुन्हा हवेत पसरते. म्हणून निर्वात शोषणाने स्वच्छता करणे श्रेयस्कर ठरते. विद्रावक नसल्याने ही पद्धत निर्धोक आहे, असा समज लहान कर्मशाळांत आढळतो. तो चुकीचा आहे.