आगाऊ नोंदणी आणि ग्राहकाचा संताप

पैसे द्यावे आणि वस्तु घ्यावी, हा बाजारांतील साधा व्यवहार लहान मुलासहि समजतो. परंतु पैसे आज द्यावे आणि वस्तु पुढें केव्हां तरी मिळावी, असा करार झाला म्हणजे तो व्यवहार तितका साधा राहात नाहीं. त्यांत एका बाजूस रोख रक्कम असते व दुसऱ्या बाजूस केवळ शब्द असतो. शब्द वेळेवर खरा झाला, तर त्याची कोणी आठवणहि ठेवीत नाहीं. तो लांबणीवर पडूं लागला, म्हणजे मात्र देणाऱ्याच्या व घेणाऱ्याच्या मनांत अढी बसते. आगाऊ नोंदणी या नांवानें ओळखली जाणारी ही पद्धति आमच्या ठाणें, कल्याण व डोंबिवली येथील घराघरांत शिरली आहे. राहतें घर, मोटार, फोन, इतकेंच काय, दिवाळीच्या फराळासाठींहि आपण आधीं नांव घालून ठेवितों. म्हणून, २०२० पासून सुमारें दोन वर्षें जिनें साऱ्या जगांतील ग्राहकांस हैराण केलें, त्या ग्राफिक्स कार्डांच्या टंचाईचें उदाहरण घेऊन या विषयाचा थोडा विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

प्रथम आमच्या माहितींतील एक गोष्ट सांगतों. डोंबिवलीस राहणारा आमचा एक माजी विद्यार्थी २०२१ सालीं ॲनिमेशनचें शिक्षण घेत होता. महासाथीमुळें वर्ग घरींच भरत, आणि घरचा संगणक इतका जुना कीं, अर्ध्या मिनिटाचें हलतें चित्र तयार होण्यास तो रात्रभर चालू ठेवावा लागे. वडिलांनीं शिलकीतून वीस हजार रुपये काढून एका दुकानदाराकडे ग्राफिक्स कार्डासाठीं आगाऊ भरले. "पंधरा दिवसांत माल येईल," असें उत्तर मिळालें. पंधरा दिवसांचे दोन महिने झाले, दोहोंचे पांच झाले. विचारलें कीं, "पुढच्या आठवड्यांत नक्की." पुढें तर दुकानदारानें फोन उचलणेंहि सोडून दिलें. अखेर एके दिवशीं त्याचाच निरोप आला: कार्ड आलें आहे, परंतु ठरलेल्या किंमतीवर आणखी बारा हजार द्यावे लागतील! वडिलांपाशीं छापील पावती नव्हती. मोबाईलवरून पैसे पाठविल्याची खूण तेवढी होती. त्या गृहस्थांचा संताप अनावर झाला, यांत नवल तें काय? तथापि राग कोणावर व कशासाठीं करावा, हें ठरविण्यापूर्वीं ती वस्तु काय आहे व ती दुर्मिळ कां झाली, हें पाहिलें पाहिजे.

संगणकाच्या पेटींत हिशेब करणारा जो मुख्य भाग असतो, त्यास प्रोसेसर म्हणतात. तो एखाद्या निष्णात कारकुनासारखा आहे. कठीण कामें तो एकामागून एक झपाट्यानें उरकतो. परंतु पडद्यावर चित्र उमटविणें हें काम निराळ्याच जातीचें आहे. नेहमींच्या पडद्यावर एका ओळींत १९२० ठिपके व अशा १०८० ओळी, म्हणजे एकंदर २०,७३,६०० ठिपके असतात. त्यांतील प्रत्येकाचा रंग ठरवावयाचा, आणि चित्र हलतें दिसावें म्हणून हें सारें सेकंदास साठ वेळां करावयाचें. गुणाकार केला तर एका सेकंदांत १२ कोटी ४४ लक्षांहून अधिक रंग ठरवावे लागतात. प्रत्येक गणित सोपें, पण संख्या अफाट! अशा कामीं एका पंडितापेक्षां पाढे पाठ असलेलीं हजारों मुलें एकदम बसविलेलीं बरीं. ग्राफिक्स कार्ड म्हणजे अशा मुलांनीं भरलेला वर्ग होय. एनव्हिडिया या अमेरिकन कंपनीच्या आरटीएक्स ३०८० या कार्डांत गणित करणारे असे ८७०४ लहान घटक आहेत. हीच शक्ति संगणकावरील खेळांप्रमाणें वास्तुरचनेचे आराखडे, चित्रपट, वैद्यकीय चित्रें व कृत्रिम बुद्धिमत्ता यांसहि उपयोगी पडते.

हें कार्ड १७ सप्टेंबर २०२० रोजीं विक्रीस आलें आणि पाहतां पाहतां संपलें. गोंधळ इतका झाला कीं, खुद्द कंपनीस ग्राहकांची जाहीर क्षमा मागावी लागली. हिंदुस्थानांत त्याची किंमत ७१,००० रुपये जाहीर झाली होती. परंतु पुढील वर्षीं तें दुप्पट किंवा त्याहूनहि अधिक दरानें विकलें जाऊं लागलें. असें कां झालें?

मागणी एकाच वेळीं तीन बाजूंनीं वाढली. शाळा, कचेऱ्या व करमणूक हीं सर्व घरांत येऊन बसल्यामुळें संगणक घेणारे वाढले. त्यांत आभासी चलनाचे व्यापारी मिळाले. इथिरियम नांवाच्या चलनाची नवी नाणीं मिळविण्यासाठीं संगणकांस अहोरात्र गणितें सोडवावीं लागत, आणि तीं सोडविण्यांत ग्राफिक्स कार्डाचा हातखंडा असल्यामुळें हे लोक एकेक न घेतां शेंकड्यांनीं कार्डें उचलूं लागले. तिसरे गिऱ्हाईक म्हणजे केवळ चढ्या भावानें पुन्हां विकण्यासाठीं घेणारे. त्यांनीं स्वयंचलित आज्ञावलींच्या साहाय्यानें, सामान्य माणूस आपलें नांव व पत्ता लिहीत आहे तोंच, सारा माल नोंदवून टाकावा! कारखानदारांनीं यावर उपाय योजिले नाहींत असें नाहीं. एनव्हिडियानें २०२१ सालीं कांहीं कार्डांची इथिरियमसाठीं गणितें करण्याची गति मुद्दाम निम्म्यावर आणली. तथापि तेवढ्यानें तुटवडा भरून निघाला नाहीं.

इकडे पुरवठा मात्र एकाएकीं वाढण्यासारखा नव्हता. या कार्डाची आंखणी अमेरिकेंत होते. परंतु त्याचें हृदय असलेली सिलिकॉनची चिप त्या वेळीं दक्षिण कोरियांतील सॅमसंगच्या कारखान्यांत तयार होई. प्रतिस्पर्धी एएमडी कंपनीच्या चिपा तैवानच्या टीएसएमसी कंपनीकडून येत. सिलिकॉनच्या चकतीवर शेंकडों संस्कार होऊन चिप बाहेर पडण्यास सुमारें तीन महिने लागतात, आणि नवा कारखाना उभारावयाचा तर वर्षांचा हिशेब करावा लागतो. गव्हाचें पीक मागणी वाढली म्हणून आठ दिवसांत कापतां येत नाहीं, तसेंच हें आहे. शिवाय एका कार्डासाठीं चिप एका देशाची, स्मृतिघटक दुसऱ्याचे, जोडणी तिसऱ्या ठिकाणीं. यांतील एक वस्तु उशीरा आली कीं, बाकीच्या सर्वांस थांबावें लागतें. त्यांतच मार्च २०२१ मध्यें एक प्रचंड जहाज आडवें अडकून सुवेझचा कालवा सहा दिवस बंद पडला आणि जगाच्या मालवाहतुकीचें वेळापत्रक आणखी विसकटलें.

आमच्या भागांतील ग्राहकाची यांत आणखी एक अडचण झाली. ठाणें–डोंबिवलीकडील मंडळी संगणकाचे सुटे भाग घेण्यास पूर्वीपासून दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरतात व लॅमिंग्टन रोडवरील दुकानें पालथीं घालितात. चार दुकानें फिरून, भाव पाडून, वस्तु हातांत घेऊनच पैसे देण्याची ती रीत. परंतु मार्च २०२० मध्यें लोकलगाड्या सर्वसामान्य प्रवाशांस बंद झाल्या. फेब्रुवारी २०२१ मध्यें ठराविक वेळांपुरत्या खुल्या होऊन एप्रिलांत पुन्हां बंद झाल्या. दुकान डोळ्यांनीं पाहणें खुंटलें, तेव्हां माणसें फोनवरील शब्दावर विसंबून पैसे पाठवूं लागलीं.

वस्तु उशीरा मिळण्याचे तीन प्रकार आहेत, हें येथें लक्षांत ठेवावें. पहिला प्रकार, माल खरोखरच थोडा असणें. विद्यार्थ्यांनीं आपल्या आजोबांस चेतक स्कूटरची हकीकत विचारावी. पुण्याजवळ आकुर्डी येथें बजाज कंपनी १९७२ पासून ही स्कूटर तयार करीत असे. किती गाड्या काढाव्या यावर त्या काळीं सरकारी परवान्याचें बंधन होतें. त्यामुळें नांव नोंदविल्यावर दहा दहा वर्षें वाट पाहण्याची पाळी येई. राणा प्रतापाच्या वायुवेगी घोड्याचें नांव धारण करणारें वाहन दाराशीं येण्यास दहा वर्षें लावी, ही मोठी गंमतच! दुसरा प्रकार, माल असूनहि तो अधिक पैसे देणाऱ्याकडे वळविला जाणें. चेतकच्या काळींहि नंबर लागलेली स्कूटर वरकड रक्कम घेऊन विकणारे होतेच. आजच्या आज्ञावली हें त्यांचेंच नवें रूप समजावें. तिसरा प्रकार सर्वांत वाईट. तो म्हणजे माल यावयाचाच नसणें. कल्याण–डोंबिवली परिसरांतील प्रीमियरच्या कारखान्यांत १९९० नंतरच्या दशकांत फ्रान्सच्या प्यूजो कंपनीच्या भागीदारीनें ३०९ नांवाची मोटार तयार होत असे. पुष्कळांनीं तीसाठीं आगाऊ रकमा भरल्या. पुढें कामगारांचा असंतोष व भागीदारांतील बेबनाव यांमुळें १९९७ सालीं प्यूजोनें अंग काढून घेतलें, आणि मोटार तर राहोच, भरलेले पैसे परत मिळविण्यासाठीं कांहींना ग्राहक न्यायालयांचे उंबरठे झिजवावे लागले.

आतां गंमत अशी आहे कीं, रांगेंत उभ्या असलेल्या ग्राहकास हे तिन्ही प्रकार सारखेच दिसतात. आपला विलंब यांपैकीं कोणत्या जातीचा, हें त्याला कळावयाचें कसें? तें फक्त विकणारा सांगूं शकतो. आणि तो गप्प बसला म्हणजे ग्राहक साहजिकच सर्वांत वाईट तेंच गृहीत धरतो. आमच्या मतें संतापाचें मूळ येथें आहे. आपला नंबर कितवा, पुढें किती जण आहेत, हें माहीत असलें तर माणूस महिनेच्या महिने शांतपणें थांबतो. अमेरिकेंतील ईव्हीजीए कंपनीनें याच टंचाईंत ग्राहकांचीं नांवें क्रमानें लिहून त्याच क्रमानें कार्डें विकण्याचा पाठ घातला होता. तेथेंहि वाट पुष्कळ पाहावी लागे, पण मागून आलेला पुढें गेला हें शल्य उरत नसे.

कायदा या बाबतींत अगदींच मुका नाहीं. १८७२ च्या करार कायद्यानें असें सांगितलें आहे कीं, मुदत ठरलेली नसेल तर वचन वाजवी काळांत पुरें केलें पाहिजे. २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा २० जुलै २०२० पासून अमलांत आला. त्यान्वयें ग्राहकास आपण राहतों त्या जिल्ह्याच्या आयोगाकडे दाद मागतां येते. दुकान दूर आहे ही सबब आड येत नाहीं. पांच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहारास तक्रारीचें शुल्क नाहीं. तक्रार मात्र दोन वर्षांच्या आंत केली पाहिजे. इंटरनेटवरून विकणाऱ्यांनीं तक्रारीची पोंच ४८ तासांत द्यावी व एका महिन्यांत तिचें निवारण करावें, असा २०२० चा नियम आहे. १९१५ या क्रमांकावर राष्ट्रीय ग्राहक साहाय्य केंद्रहि आहे. परंतु या सर्वांस पुरावा लागतो. म्हणून आगाऊ पैसे भरण्यापूर्वीं तीन गोष्टी लेखी घ्याव्या: वस्तु कोणत्या तारखेपर्यंत मिळेल, किंमत वाढल्यास ती कोणीं सोसावी, आणि तारीख टळल्यास पैसे किती दिवसांत परत मिळतील. जो दुकानदार एवढें लिहून देण्यास कचरतो, त्याजकडे पैसे न ठेवणें हेंच शहाणपण.

आगाऊ नोंदणी ही पद्धतच वाईट, असा मात्र कोणी समज करून घेऊं नये. १९७५ सालीं स्थापन झालेल्या मुंबई ग्राहक पंचायतीचें उदाहरण आमच्या जिल्ह्यांतील पुष्कळ कुटुंबांच्या परिचयाचें आहे. शेजारचीं कुटुंबें एकत्र येऊन महिन्याची यादी आधीं देतात, माल ठरल्या दिवशीं एका घरीं येतो आणि सभासद तो आपसांत वाटून घेतात. तेथेंहि मागणी आधींच नोंदवावी लागते. पण हिशेब सर्वांसमोर असल्यामुळें विश्वास टिकतो.

आमच्या विद्यार्थ्याचें पुढें काय झालें, हें वाचकांस जाणावेंसें वाटेल. त्याचे वडील राग आवरून दुकानीं गेले. बरोबर त्यांनीं प्रत्येक फोनची तारीख व मिळालेलें उत्तर लिहिलेला एक कागद नेला होता. तो वाचून दुकानदार ओशाळला. त्यानें आपल्या घाऊक व्यापाऱ्यास दिलेल्या आगाऊ रकमेचे कागद पुढें ठेविले. त्याचेहि पैसे चार महिने अडकलेले होते, आणि माल अखेर आला तोहि चढ्या भावानें. "साहेब, मीच अडकलों होतों; तुम्हांला काय सांगणार?" असें तो म्हणाला. वडिलांनीं उत्तर दिलें, "जें खरें तेंच सांगायचें होतें. मी मुलाची दुसरी सोय तरी केली असती." वीस हजार रुपये दोन हप्त्यांनीं परत आले. मुलानें तें वर्ष कल्याणास मामाच्या संगणकावर रात्रीं बसून पुरें केलें. सप्टेंबर २०२२ मध्यें इथिरियमची पद्धति बदलून त्यासाठीं कार्डांची गरजच उरली नाहीं. त्या वर्षीं भाव उतरले, तेव्हां त्यानें रोख पैसे देऊन, पेटी उघडून पाहून, आपलें कार्ड घरीं आणिलें.

अशा टंचाया पुन्हां येतील. २०२५ अखेर कृत्रिम बुद्धिमत्तेच्या मोठ्या केंद्रांनीं स्मृतिघटकांची मागणी वाढविल्यामुळें संगणकाच्या भागांचे भाव पुन्हां चढले, हें वाचकांनीं पाहिलेंच आहे. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कांहीं पुढें ग्राहक म्हणून रांगेंत उभे राहतील, तर कांहीं दुकानाच्या फळीमागें बसतील. पहिल्यांनीं पावती घ्यावयास विसरूं नये. दुसऱ्यांनीं माल येण्यास उशीर होणार असें ज्या दिवशीं कळेल, त्याच दिवशीं गिऱ्हाइकास कळवावें. त्या एका निरोपास पैसा लागत नाहीं. आणि तो वेळेवर गेला असता, तर वरील गोष्टींतील बापलेकांचे पांच महिने वांचले असते.