श्वानाची प्रभातफेरी

जबलपूरच्या छावणी भागात वैशाखामध्ये तांबडे फुटण्यापूर्वीच कुत्री फिरावयास नेणारे घराबाहेर पडतात. यात हौसेपेक्षा निकड अधिक. कुत्र्यास माणसाप्रमाणे सर्वांगाला घाम येत नाही. तो सुटतो पंजांच्या तळव्यांना, आणि तोही थोडका. अंगातील उष्मा बाहेर टाकण्यास त्याला धापच टाकावी लागते. येथील पारा उन्हाळ्यात ४२ अंशांपर्यंत चढतो आणि डांबरी रस्ता हवेहूनही तापतो. १९४८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय असलेल्या या शहरातही ऊन लागलेले कुत्रे वेळेवर वैद्यापर्यंत पोचेलच असे नाही. म्हणून जाणता श्वानप्रेमी प्रथम पालथा हात रस्त्यास लावून पाहतो. सात मोजेपर्यंत तो टेकवत नसेल, तर साखळी खुंटीलाच राहते.

फिरण्याचा अर्थही दोघांचा निराळा. धन्याला अंतर कापावयाचे असते, कुत्र्याला प्रत्येक खांबापाशी थांबावयाचे असते. तेथून कोण गेले, नर की मादी, ओळखीचे की परके, हे त्यास वासावरून उमगते. त्याचे वर्तमानपत्रच ते! साखळीला हिसका देणारा ते अर्धवट वाचलेले ओढून घेतो.

वार्धक्यात कुत्र्याचे पाय थकतात, डोळ्यांत मोतीबिंदू उतरतो; नाक मात्र बहुधा पुष्कळ काळ साथ देते. असे कुत्रे घेऊन निघालेला माणूस मग एकाच कडुनिंबापाशी अर्धघटका उभा दिसतो.