छपराचे माप : जोत्यावरून पाख्यांचा हिशेब कसा करावा

दुष्काळ-निवारणाच्या कार्यास आजवर ज्या उदार गृहस्थांनी साह्य केले, त्यांस धान्याचे माप समजावून सांगण्याची वेळ कधीच आली नाही. इतकी माणसे, इतके दिवस, दर माणशी इतके धान्य, हा गुणाकार कोणताही व्यापारी बोटांवर करील. परंतु आमच्या कोकणपट्टीवर संकट येते ते पाण्याच्या अभावापेक्षा पाण्याच्या व वाऱ्याच्या अतिरेकानेच अधिक, आणि अशा वेळी मागणी असते ती छपराची. धान्याची दोन पोती कमी आली, तर प्रत्येकाच्या वाट्यास थोडे थोडे कमी येऊन निभाव लागतो. छपराचा पाचवा हिस्सा उघडा राहिला, तर उरलेले चार हिस्से असून नसल्यासारखेच होतात. म्हणून छपराचा अंदाज कसा करावा, हे दात्यांपुढे एकदा सविस्तर मांडणे आम्हांस आवश्यक वाटते.

हे लिहिण्यास कारण आमचीच एक चूक आहे, ती प्रथम कबूल करतो. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर चढले. ताशी शंभर किलोमीटरांहून अधिक वेगाच्या त्या वाऱ्याने मुरूड-श्रीवर्धनकडील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या आणि घरोघरची कौले व पत्रे उडविले. मृगाचा पाऊस उंबरठ्यावर होता. पनवेलच्या काही स्नेह्यांसह आम्ही दक्षिणेकडील एका गावी एका विधवा बाईंच्या घराची कौले पुरविण्याचे पत्करले. पंचनाम्यात जोत्याचे क्षेत्र ६०० चौरस फूट असे स्पष्ट लिहिलेले होते. कागदावर विश्वास ठेवणे हा वकिलाचा धर्म. तेव्हा सहा ब्रास छप्पर, दर ब्रासास दीडशे कौले, एकूण ९०० कौले, असा हिशेब करून आम्ही टेम्पो रवाना केला. सुताराने एक पाखे पुरे शाकारले आणि दुसऱ्याचा पाचवा हिस्सा झाकला, तो कौले संपली. बाकी भागावर ताडपत्री घातली. ती वाऱ्याने फाटली, आणि त्या बाजूची मातीची भिंत पाणी पिऊन आठवड्याभरात बसली. जमीन झाकण्यापुरती कौले आणलीत, घर झाकण्यापुरती नव्हेत, असे त्या सुताराने आम्हांस सुनावले, आणि त्यास उत्तर नव्हते.

वस्तुतः ही गोष्ट आमच्या जमीनदार वाचकांस नवीन वाटू नये. डोंगरउतारावरील वरकस जमिनीचे सातबाऱ्यावर जे क्षेत्र लिहिलेले असते, ते सपाटीचे असते. उतारावरून साखळी टाकून मोजू गेल्यास अधिक भरते. घराचेही तसेच आहे. जोते ही सपाटी आणि पाखे हा उतार. त्यातून पाखे भिंतीपाशी थांबत नाही. भिंतीस पावसाचा सपकारा लागू नये म्हणून वळचण दोन-दोन फूट बाहेर काढावी लागते. अशा दोन कारणांनी माप वाढते, आणि ती दोन्ही निरनिराळी हिशेबात धरावी लागतात.

वरील घराचेच उदाहरण घेऊ. जोते लांबीस ३० फूट, रुंदीस २० फूट. चारी बाजूंस दोन फूट वळचण धरली, की छपराखालील सपाटी ३४ गुणिले २४, म्हणजे ८१६ चौरस फूट झाली. आता उतार. आढ्यापासून वळचणीच्या टोकापर्यंतचे आडवे अंतर रुंदीच्या निम्मे, म्हणजे १२ फूट. आणि वळचणीच्या पातळीपासून आढे ९ फूट उंच. भुज १२, कोटी ९, तर कर्ण किती? १४४ आणि ८१ मिळून २२५, त्याचे वर्गमूळ १५. म्हणजे वासा पंधरा फुटांचा. एक पाखे ३४ गुणिले १५, म्हणजे ५१०, आणि दोन पाखी मिळून १०२० चौरस फूट. कागदावरील ६०० चे १०२० झाले!

ज्यांस वर्गमूळ काढण्याचा कंटाळा असेल, त्यांनी वळचणीसह सपाटीचे क्षेत्र काढून त्यास उताराच्या गुणकाने गुणावे. बारा फुटांस सहा फूट चढ असल्यास गुणक १.१२, सातास १.१६, आठास १.२०, नवास १.२५, दहास १.३०, आणि बारास बारा असा उभा उतार असल्यास १.४१. उतार मोजण्यास छपरावर चढण्याचेही कारण नाही. त्रिकोणी भिंतीच्या बाजूने वाशाखाली बारा इंचांची पट्टी आडवी, पाणसळीत धरावी. तिचे एक टोक वाशास टेकवून दुसऱ्या टोकापासून वाशापर्यंत सरळ वर किती इंच भरतात ते पाहावे. तोच बारास चढ.

चौपाखी घरास दुपाखी घराहून पुष्कळ अधिक कौले लागतात, असा एक समज सर्वत्र आढळतो. तो बरोबर नाही. सपाटी तीच आणि चारी पाख्यांचा उतार तोच असेल, तर क्षेत्रही तेच, १०२० फूटच, येते. कारण प्रत्येक फूट सपाटी सारख्याच प्रमाणात वाढते. फरक पडतो तो कडांचा. दुपाखीस ३४ फुटांचे एकच आढे. चौपाखीस आढे १० फुटांचे उरते, परंतु चार कोनवासे प्रत्येकी सुमारे १९ फुटांचे होतात, म्हणजे सारे मिळून सुमारे ८७ फूट. आढ्यावरील कौल सव्वा फूट झाकीत असेल, तर पहिल्या घरास अशी २८ आणि दुसऱ्यास ७० कौले लागतील. शिवाय कोनवाशांवर कौले तिरपी कापावी लागून नासधूस होते. तेथे शेकडा पाचाऐवजी दहा तूट धरावी. उलट दुपाखीच्या दोन त्रिकोणी भिंतींचे दीडशे चौरस फूट बांधकाम वाचते, आणि पावसाच्या तोंडची उंच भिंतही टळते.

आता कौलांची संख्या. कोकणातील घरांवर पूर्वी गावच्या कुंभाराची नळीची कौले असत. बाझेल मिशनने मंगळूर येथे १८६५ मध्ये कौलांचा कारखाना काढला, तेव्हापासून एकमेकांत अडकणारे चपटे मंगळुरी कौल पसरत गेले. ते वरखाली सुमारे साडेबारा इंच आणि रुंदीस सव्वाआठ इंच झाकते; यावरून ब्रासास १४० येतात. या दराने १०२० फुटांस १४२८ झाली. परंतु येथेही कागद फसवितो. कौले ओळीने बसतात, अर्धी ओळ बसत नाही. पंधरा फुटांच्या वाशावर साडेबारा इंचांच्या ओळी चौदा होऊन पाच इंच उरतात, म्हणून पंधरा धराव्या लागतात. आणि ३४ फुटांच्या ओळीत ५० कौले. दोन पाख्यांची १५०० झाली, व फुटीची शेकडा पाच धरून १५७५. वासा पाच इंच आखूड कापला असता, तर शंभर कौले वाचली असती! म्हणून चांगला सुतार वासा कापण्यापूर्वी कौलांची एक उभी ओळ जमिनीवर मांडून पाहतो. कारखान्यागणिक मापात किंचित फरक पडतो, तोही तेथेच कळतो.

लाकडाचा हिशेब याच मापांवरून निघतो. दोन-दोन फुटांवर वासे घातल्यास एका पाख्यास १८, दोहोंस ३६, म्हणजे ५४० फूट वासे. कौलांच्या पंधरा ओळींस सोळा रिपा, प्रत्येकी ३४ फुटांच्या. दोहों पाख्यांच्या मिळून १०८८ फूट. खिळे व तार निराळी. लाकडात काटकसर करू पाहणाऱ्यांनी इतके ध्यानात ठेवावे, की कौल सुमारे अडीच किलोचे धरल्यास दीड हजार कौलांचा भार पावणेचार हजार किलो होतो, आणि ती पाण्याने भिजली की आणखी वाढतो.

मग हा उतार कमी का करू नये, असे खर्चाकडे पाहणारे गृहस्थ विचारतात. बारास सहा चढ घेतल्यास क्षेत्र शंभराहून अधिक फुटांनी कमी होते, हे खरे. परंतु पनवेलकडे वर्षास दोन हजार मिलिमीटरांहून अधिक पाऊस पडतो. एका दिवसात शंभर मिलिमीटर पडला, तर या एका छपरावरून साडेसात हजार लिटर पाणी जावयाचे, (हे मात्र सपाटीच्या ८१६ फुटांवरूनच मोजावे, पाख्यांच्या नव्हे, पाऊस घेण्यापुरती सपाटीच खरी.) उतार मंद असला, की पाणी सांध्यांतून मागे सरते व रिपा कुजतात. वाऱ्यासही मंद उतार वर उचलणे सोपे जाते. वळचणीच्या व आढ्याच्या ओळी तारेने बांधून घ्याव्यात, कारण वारा प्रथम तेथेच हात घालतो.

पत्र्याचा हिशेब अशाच रीतीने, परंतु आडव्या-उभ्या सांध्यांचा झाक वजा करून करावा; दुकानी मिळणारे पत्र्याचे माप हे झाकण्याचे माप नव्हे.

ज्या व्यापारी बंधूंस कौले, रिपा वा तार रूपाने देणगी द्यावयाची असेल, आणि ज्या जमीनदारांस आपल्या रानातील वासे द्यावयाचे असतील, त्यांनी घर नेमून घेताना समितीकडून पाच मापे मागून घ्यावीत : जोत्याची लांबी, रुंदी, वळचण, बारास चढ, आणि घर दुपाखी की चौपाखी. पंचनाम्याची नक्कल सोबत असेलच, परंतु तिच्यावरील क्षेत्राने कौले मोजू नयेत. त्या बाईंच्या घराची उरलेली कौले आम्ही आषाढात पोहोचविली. भिंत मात्र दिवाळीनंतर पुन्हा घालावी लागली, आणि तिचा खर्च कौलांहून अधिक आला.